जुन्या पद्मिनीला बदली बंपर बसवताना: आधी जुळवणी, मग क्रोम, शेवटी पाना

ठाण्यात आणि नवी मुंबईत जपून ठेवलेल्या प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर अजून बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसतात. इंजिन नीट, रंग नीट, आणि बंपर मात्र एका बाजूला झुकलेला असतो. डावीकडे तो फेंडरला टेकलेला, उजवीकडे बोट जाईल इतकी फट. मालक सांगतात, “बंपर नवीन आहे, पण मापात नाही.” बहुतेक वेळा बंपर मापातच असतो. कामाचा क्रम चुकलेला असतो.

नेहमी काय होतं? बंपर मिळाला की तो थेट क्रोमला जातो. चकचकीत होऊन येतो, मग गाडीला लावायला घेतला की भोकं जुळत नाहीत. एका बाजूचे बोल्ट पक्के करून दुसरी बाजू पहारीने ओढली जाते, क्रोमला तडा जातो, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या तड्यातून गंज उतरतो. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. मी पद्मिनी समोर ठेवून लिहितो आहे. अ‍ॅम्बेसेडरसाठी जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: बंपर शोधण्याआधी गाडीखाली बघा

पद्मिनी असो की अ‍ॅम्बेसेडर, दोन्हींना ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. बॉडीच्या पत्र्यातच पोकळ बीम घडवलेले असतात आणि बंपरची ब्रॅकेट, म्हणजे बंपर ज्यांच्यावर बसतो ते लोखंडी हात, त्या बीमला किंवा त्यालगतच्या जाड पत्र्याला धरतात. हा पत्रा आतून कुजला असेल तर जगातला सर्वांत चांगला बंपरही सरळ राहणार नाही.

खाडीच्या काठावरच्या हवेत हा गंज बाहेरून दिसतोच असं नाही. वरून काळं अंडरबॉडी कोटिंग मारलेलं असतं आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. ब्रॅकेटच्या आजूबाजूला छोट्या हातोडीने टकटक करा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बद्द येईल तिथे जुना स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं तर बंपरचं काम थांबवा आणि आधी डेंटरकडून तो भाग कापून नवा पत्रा जोडून घ्या. बाहेरून पट्टी ठोकून घेऊ नका. पट्टीमुळे ब्रॅकेट तेवढंच बाहेर येतं आणि पुढची सगळी मापं बिघडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनी टक्कर. पुढच्या डाव्या ब्रॅकेटच्या भोकापासून उजव्या बाजूच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंत, समजा सस्पेन्शनच्या बोल्टपर्यंत, तिरपं माप घ्या. मग उजवीकडून डावीकडे तसंच घ्या. दोन मापांत एखाद्या सुताचा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरचा फरक चालतो. दोन सुतांच्या वर फरक असेल तर गाडी कधीतरी कोपऱ्यावर आपटलेली आहे, आणि तो वाक बंपर ओढून लपवता येत नाही.

तपासा: चारही चाकांत हवा सारखी आहे का? मागचे पाटे एका बाजूला बसलेत का? बसले असतील तर गाडीच तिरकी उभी राहते आणि नीट बसवलेला बंपरही डोळ्याला वाकडा दिसतो.

टप्पा २: कोणता बंपर घ्यायचा

तीन पर्याय असतात: आपलाच जुना बंपर सरळ करून पुन्हा क्रोम करणं, दुसऱ्या गाडीचा मूळ बंपर मिळवणं, किंवा बाजारात नव्याने बनवलेला स्टेनलेस स्टीलचा घेणं.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या बंपरचा पत्रा जाड असेल आणि गंजाने आरपार भोकं पडली नसतील तर तोच दुरुस्त करा. मूळ बंपरचा बाक त्या गाडीच्या नाकाला जुळलेला असतो. पोचे ठोकून काढता येतात, छोटी भोकं वेल्डिंगने भरता येतात. टोकांचा बाक कारखान्यात साच्यात दाबून आलेला असतो, तो हाताने पुन्हा तसाच आणणं फार अवघड जातं.

दुसऱ्या गाडीचा घ्यायचा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा चोर बाजार पालथा घालायला हरकत नाही. जाताना आपल्या बंपरची चार मापं लिहून न्या: टोकापासून टोकापर्यंतची लांबी, दोन ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर, मध्यावर बाकाची खोली आणि उंची. खोली मोजायला दोन्ही टोकांवर दोरी ताणा आणि दोरीपासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. बंपर वरच्या अंगाने छान दिसला तरी उलटा करून मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वेल्डिंगचे जुने टाके, घडीतला गंज आणि वाढवलेली भोकं मागूनच दिसतात.

स्टेनलेसचा घेणार असाल तर एक गैरसमज आधी दूर करा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चुंबक चिकटत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होतं. ३०४ प्रतीला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही. चुंबकाने फक्त साधं लोखंड किंवा ४३० सारखी प्रत पकडली जाते. आपल्याकडच्या खारट, दमट हवेत २०२ वर तांबूस ठिपके लवकर येतात. भंगाराचे व्यापारी दोन्हींतला फरक थेंब टाकून तपासायचं द्रावण ठेवतात. बिलावर प्रत लिहून घ्या आणि जमलं तर मागच्या बाजूला ती चाचणी करून घ्या. जाडीही मोजा. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर असतो, १६ गेजचा १.६. पातळ पत्र्याचा बंपर हाताने दाबला की लवतो आणि रस्त्यावर थरथरतो.

सावधान: हौसेखातर बंपरच्या पुढे पाइपचा जादा गार्ड लावू नका. अशा क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. आणि ज्यांची गाडी ५० वर्षांची झाली आहे किंवा होत आली आहे त्यांनी २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमाकडे लक्ष द्यावं. त्यात चॅसी किंवा बॉडी शेलमध्ये बदल केलेली गाडी बसत नाही. ब्रॅकेट बसत नाही म्हणून बॉडी कापायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

टप्पा ३: सामान, जागा आणि हवामान

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात घासून उघडं केलेलं लोखंड काही तासांतच तांबूस पडतं आणि त्यावर मारलेला प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो. पावसाळ्यात करणं भागच असेल तर जेवढं घासलं तेवढं त्याच दुपारी रंगवून टाका.

सोसायटीत काम करणार असाल तर सेक्रेटरींना आधी विचारा. पाना-स्क्रूड्रायव्हरच्या कामाला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेवर उडाल्या तर त्या काचेत रुततात आणि डाग कायमचे राहतात. ग्राइंडिंग आणि वेल्डिंग वर्कशॉपमध्येच करून घ्या. ठाणेकरांना वागळे इस्टेट आणि नवी मुंबईकरांना रबाळे, महापे, तुर्भे जवळ आहे.

हत्यारं साधी आहेत: रिंग पाने, गोटी सेट, टॉर्क पाना (बोल्टवर किती जोर लागला ते दाखवणारा), तारेचा ब्रश, कानस, आटे साफ करायचा टॅप, मेजर टेप, ओळंबा, मास्किंग टेप, दोन लाकडी ठोकळे, जुनी चादर आणि दुसरा माणूस. हा दुसरा माणूस सोडून चालणार नाही. बंपर एकट्याने धरून बोल्ट लावताना हमखास फेंडरचा रंग खरवडला जातो.

नट-बोल्टबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे होणारी चूक नंतर दिसत नाही आणि महाग पडते. पद्मिनी मूळची फियाट, तिचे आटे मेट्रिक. एम-८ च्या, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १३ चा पाना लागतो, एम-१० ला बहुधा १७ चा. अ‍ॅम्बेसेडर मॉरिसच्या घराण्यातली, तिच्यात इंची आटे भेटतात आणि ५/१६ यूएनएफच्या (बारीक इंची आट्याच्या) बोल्टला १/२ इंची पाना लागतो. आता ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. जवळजवळ ८ च. त्यामुळे एम-८ चा बोल्ट ५/१६ च्या नटात एक-दोन फेरे जातो, मग अडकतो. मेकॅनिक जोर लावतो आणि आटे जातात. चाळीस-पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक जुना बोल्ट सोबत नेऊन दुकानात नवा नट हाताने फिरवून बघा. शेवटपर्यंत बोटांनी फिरला तरच तो जोडीदार.

दर्शनी बाजूचे बोल्ट गोल, चपट्या डोक्याचे आणि खाली चौकोनी मानेचे असतात. ती चौकोनी मान बंपरच्या चौकोनी भोकात बसते, म्हणून बोल्ट फिरत नाही. चौकोनी भोक गोल झालं असेल तर साधा बोल्ट टाकून वेळ मारून नेऊ नका. भोक भरून पुन्हा कानशीने चौकोनी करून घ्या.

टप्पा ४: जुना बंपर काढणं

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा एकदा मारा. घाई केली तर जुना बोल्ट तुटतो, आणि तो बॉडीत जोडलेल्या नटातला असेल तर सगळा दिवस त्यातच जातो.

काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून, आणि प्रत्येक ब्रॅकेटचा जवळून. कुठल्या बाजूला किती वॉशर आणि पॅकिंगच्या पट्ट्या आहेत ते लिहून ठेवा. डावीकडे दोन आणि उजवीकडे एक पट्टी असेल तर ती कारखान्यातल्या किंवा मधल्या एखाद्या जाणत्या कारागिराने विचार करून घातलेली असू शकते. फेकून देऊ नका.

१. बॅटरीची अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर काढा. बंपरवर फॉग लॅम्प किंवा नंबर प्लेटचा दिवा असेल तर त्याच्या वायरला चिकटपट्टीची खूण करून ती सोडवा.

२. नंबर प्लेट बंपरवर असेल तर आधी लॉक बघा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) लागते, आणि तिचं स्नॅप लॉक एकदाच बसतं. काढायचं तर तोडावंच लागतं. शक्यतो प्लेट तिच्या पट्टीसकट, लॉक न तोडता उतरवा. तसं जमणार नसेल तर अधिकृत केंद्रातून लॉक पुन्हा बसवून घ्यावं लागेल हे आधीच धरून चाला.

३. फेंडरच्या कडांवर आणि हेडलाइटखाली मास्किंग टेपचे दोन थर लावा. बंपरखाली ठोकळे आणि चादर ठेवा.

४. आधी टोकांचे बोल्ट सोडा, मग उभे गार्ड, म्हणजे ओव्हररायडर, आणि सर्वांत शेवटी मधल्या ब्रॅकेटचे. वजन तोपर्यंत मधल्या ब्रॅकेटवर राहतं आणि बंपर एका बाजूने घसरत नाही.

५. प्रत्येक ब्रॅकेटला ‘पुढे डावं’, ‘मागे उजवं’ असा टॅग बांधा. डावं-उजवं सारखं दिसतं, पण बाक थोडा वेगळा असतो.

सावधान: न सुटणारा बोल्ट गॅसने तापवायचा मोह मागच्या बाजूला अजिबात नको. पेट्रोलची टाकी मागेच आहे. तिथे कानशीने किंवा हॅक्सॉने हळूहळू कापा. वेल्डिंग लागणार असेल तर टाकी उतरवूनच.

टप्पा ५: ब्रॅकेट

हा टप्पा लोक वगळतात. बंपर नवा आणि ब्रॅकेट जुनंच, वाकलेलं, तसंच परत लावलं जातं. पार्किंग करताना मागच्या गाडीचा हलका धक्का बसला की बंपर शाबूत राहतो आणि ब्रॅकेट वाकतं. म्हणून दोन्ही ब्रॅकेट काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर शेजारी ठेवून तुलना करा. डावं-उजवं एकमेकांचं आरशातलं रूप असायला हवं. वाकलेलं असेल तर व्हाइसमध्ये धरून थंडच सरळ करा. तडा असेल तर बदला. तड्यावर नुसता टाका मारला तर तो पुन्हा तिथेच तुटतो.

साफ करून झिंक असलेला प्रायमर आणि वर काळा चॅसी पेंट द्या. जिथे ब्रॅकेट बॉडीला टेकतं तिथे जाड रंगाचे थर नकोत, नाहीतर रंग दबून बोल्ट काही दिवसांत सैल पडतात. एक पातळ हात पुरे.

टप्पा ६: कोरी जुळवणी

सगळं काम या टप्प्यावर ठरतं. याला अर्धा दिवस द्या.

बंपर अजून क्रोमला गेलेला नाही. नवा स्टेनलेसचा असेल तर त्यावरची प्लॅस्टिकची फिल्म काढायची नाही. गाडी चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नको.

आधी गाडीचा मध्य काढा. बॉनेटच्या मधल्या रेषेवरून ओळंबा सोडा आणि बंपरच्या मध्यावर मास्किंग टेपवर पेन्सिलची खूण करा. मग बंपर दोघांनी धरून ठोकळ्यांवर टेकवा आणि सगळे बोल्ट, खरोखर सगळे, फक्त बोटांनी दोन-तीन फेरे लावा. पाना अजून पेटीतच.

आता उंची. इथे जमिनीपासून माप घ्यायची चूक सर्रास होते. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतारावर घातलेली असते, त्यामुळे जमिनीपासूनची उंची दोन्हीकडे सारखी आली की बंपर गाडीला तिरका झालेला असतो. लेव्हलही तशीच फसवते. माप नेहमी बॉडीपासून घ्या: हेडलाइटच्या खालच्या कडेपासून बंपरच्या वरच्या कडेपर्यंत, दोन्हीकडे. मागे डिकीच्या खालच्या कडेपासून.

त्यानंतर टोकं. बंपरचं टोक आणि फेंडर यांच्यात तीन ते चार सूत, म्हणजे १० ते १२ मिलिमीटर मोकळं हवं. खड्ड्यात बॉडी आणि बंपर वेगवेगळे हलतात. त्याहून कमी फट ठेवली तर घोडबंदर रोडवरच्या एखाद्या खड्ड्यातच रंग उडेल. दोन्ही बाजूंची फट मोजण्यासाठी टेप घुसवत बसू नका. १० मिलिमीटरची लाकडी पट्टी तासून घ्या आणि तीच दोन्हीकडे सरकवून बघा.

जुन्या गाड्यांची बॉडी दोन्हीकडे तंतोतंत सारखी नसते. फेंडर बदललेला असेल, पुटी जाड झाली असेल. एक सुताचा फरक उरला तर अर्धा-अर्धा वाटून टाका आणि पंधरा-वीस फुटांवर जाऊन उभे राहा. आधी समोरून बघा, मग खाली बसून. शेवटचा निर्णय डोळ्यावर सोडा. टेपने बरोबर आणि डोळ्याला वाकडा असा बंपर रोज खुपत राहतो.

जुळत नसेल तर काय करायचं? आत-बाहेर कमी-जास्त असेल तर ब्रॅकेट आणि बॉडीच्या मध्ये पॅकिंगची पट्टी घाला. एका ठिकाणी दोन सुतांपेक्षा जास्त पॅकिंग लागत असेल तर ब्रॅकेट वाकडं आहे, टप्पा ५ ला परत जा. खाली-वर कमी-जास्त असेल तर ब्रॅकेटमधलं लांबट भोक कानशीने थोडं वाढवा. बंपरमधलं भोक वाढवू नका, ते दर्शनी आहे आणि बोल्टची चौकोनी मान त्यात फिरू लागते. बंपरचा बाकच कमी-जास्त असेल, म्हणजे मध्य बसतो आणि दोन्ही टोकं बाहेर राहतात किंवा फेंडरमध्ये घुसतात, तर तो गाडीवर ओढून बसवू नका. उतरवा आणि डेंटरकडून बाक दुरुस्त करून आणा. क्रोमच्या आधी हे काम तासाभराचं असतं. क्रोमनंतर ते होतच नाही.

सगळं जुळलं की या अवस्थेतच पुढच्या गोष्टी बघा:

— स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. टायर बंपरच्या टोकाच्या जवळ येतो का?
— बॉनेट आणि डिकी पूर्ण उघडून बंद करा. कुठे घासतंय का?
— सायलेन्सरच्या पाइपचं तोंड मागच्या बंपरपासून किमान इंचभर लांब आणि बाहेर हवं. नाहीतर धुराने आणि उष्णतेने क्रोम पिवळं-निळं पडतं.
— इंजिन सुरू करायला हँडल मारायचं भोक असलेल्या गाडीत हँडल घालून बघा, सरळ जातं का.
— टोकाचे बोल्ट हाताने आत जातात का? बंपर ढकलून धरल्यावरच जात असतील तर तो ताण पुढे क्रोम फोडणार.

तपासा: सगळं पटलं की प्रत्येक ब्रॅकेटच्या कडेने बॉडीवर टोकदार सुईने बारीक रेघ ओढा आणि पॅकिंगच्या पट्ट्यांवर जागा लिहा. क्रोम होऊन आल्यावर याच रेघांवर परत बसवायचं आहे. मग उतरवा.

टप्पा ७: क्रोमवाल्याकडे देताना

पाठवण्याआधी पृष्ठभागावर फडक्याने रॉकेल किंवा पाणी फिरवा आणि ट्यूबलाइटखाली बंपर हळूहळू कलता करा. ओल्या पत्र्यावर ट्यूबचं प्रतिबिंब दिसतं. ते सरळ धावलं पाहिजे. जिथे लाटेसारखं हलतं तिथे पोचा आहे. क्रोम काही झाकत नाही, उलट उघड करतं.

क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. गंजापासून खरं संरक्षण त्याखालच्या निकेलच्या थराचं असतं, आणि त्याहीखाली तांब्याचा थर दिला तर घासून-पॉलिश करून गुळगुळीतपणा आणता येतो. म्हणून भाव विचारताना “क्रोमचे किती?” असं न विचारता “तांबं, निकेल, क्रोम तिन्ही देणार का, निकेल किती वेळ?” असं विचारा. स्वस्त कामात वाचवलेलं असतं ते निकेल. आपल्या हवेत असा बंपर एका पावसाळ्यापुरता चमकतो.

सांगायच्या गोष्टी: बंपर, दोन्ही उभे गार्ड आणि दर्शनी टोप्या एकाच खेपेत करा, नाहीतर छटा वेगळी येते. जुनं क्रोम ॲसिडच्या टाकीत त्यांनीच उतरवावं. घरी ग्राइंडरने किंवा ॲसिडने उतरवू नका, तो धूर आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. आणि जास्त ताकदीचे बोल्ट क्रोमला देऊ नका. प्लेटिंगच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो, बोल्ट ठिसूळ होतो आणि ताणाखाली अचानक तुटू शकतो. दर्शनी बोल्ट स्टेनलेसचे घ्या किंवा वरून टोपी लावा.

बंपर परत आला की दिवसाउजेडी बघा. निळसर पांढरी झाक हवी. कडांवर किंवा खोलगट जागी पिवळसर दिसलं तर तिथे क्रोम पोचलेलं नाही. मग उभ्या गार्डच्या घड्या भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. घडीत राहिलेलं ॲसिड काही आठवड्यांनी तपकिरी ओघळ होऊन बाहेर येतं.

मागची बाजू मात्र तुम्हाला स्वतः सांभाळायची आहे. तिथे प्लेटिंग नीट पोचत नाही आणि चाकाचा चिखल तिथेच बसतो. मागून झिंक प्रायमर आणि त्यावर रंग, दोन हात. तो पूर्ण वाळल्याशिवाय बंपर गाडीला लावू नका.

टप्पा ८: पक्कं बसवणं

१. ब्रॅकेट बॉडीला लावा, रेघांवर, पॅकिंगसकट. बोल्ट हाताने घट्ट, त्यापुढे पाव फेरा.

२. बंपर दोघांनी उचलून चढवा. बंपर आणि ब्रॅकेट, तसंच बंपर आणि उभे गार्ड यांच्यात रबराचं पातळ पॅकिंग ठेवा. धातूवर धातू घासला की खडखड होते आणि तिथूनच गंज सुरू होतो.

३. सगळे बोल्ट पुन्हा बोटांनी लावा. बोल्ट स्टेनलेसचे असतील तर आट्यांवर कॉपर ग्रीसचं बोट फिरवा. कोरडा स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर जाम बसतो आणि मग तो कापावाच लागतो. याच कारणासाठी तिथे इम्पॅक्ट गन वापरू नका.

४. पट्टीने फटी पुन्हा बघा, खुणेवर मध्य आहे का बघा.

५. आता क्रमाने पक्कं करा: आधी ब्रॅकेट ते बॉडी, डावं-उजवं आलटून-पालटून. मग बंपर ते ब्रॅकेट, मधून बाहेर. मग उभे गार्ड. टोकांचे बोल्ट सर्वांत शेवटी. प्रत्येक फेरीनंतर फट पट्टीने तपासा.

जोर किती? गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर ८.८ प्रतीच्या (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम-८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर, एम-१० ला ४० ते ४५. ग्रीस लावलेल्या स्टेनलेस एम-८ ला १५ च्या आसपास थांबा. रबर पॅकिंगवर रबर किंचित दबलं की पुरे, ते बाहेर फुगलं तर जास्त झालं. नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट दर वेळी नवे घ्या, जुन्यातलं नायलॉन पकड सोडतं.

६. दिव्यांच्या वायर जोडा. बंपरवरचा दिवा पेटला नाही तर बल्ब बदलण्याआधी अर्थ बघा. पूर्वी अर्थ उघड्या ब्रॅकेटमधून मिळत होता, आता तिथे रंग आणि रबर आहे. दिव्यापासून बॉडीपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढा.

टप्पा ९: रस्त्यावर न्यायच्या आधी आणि नंतर

गाडी उभी असताना बंपरच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी दाबून हलवा. बंपर गाडीसोबत हलायला हवा, एकटा नाही. मग टोक धरून हलवा. इथे कट असा आवाज आला तर त्या बाजूचा बोल्ट शोधा.

पहिली फेरी सोसायटीच्या आसपास, स्पीड ब्रेकर असलेल्या गल्लीत काढा. पाम बीच रोडवर किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर थेट जाऊ नका. गुळगुळीत रस्त्यावर सैल बोल्ट कळत नाही, आणि कळतो तेव्हा वेग जास्त असतो. परत आल्यावर फेंडरच्या कडेला घासल्याची खूण शोधा. मागच्या सीटवर माणसं बसवून आणखी एक फेरी मारा, म्हणजे पाटे दबल्यावर सायलेन्सरचा पाइप कुठे येतो ते कळेल.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. रबर बसतं, रंग दबतो, थोडं सैल पडणं स्वाभाविक आहे. ठाणे किंवा नवी मुंबई आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी न्यायची असेल तर ही तपासणी आधी उरका. हलणारा बंपर किंवा बाहेर आलेली धारदार कड तपासणीत लगेच नजरेत येते.

निगा साधी आहे. खाडीपुलावरून किंवा पावसातून आल्यावर बंपर साध्या पाण्याने धुवा, मागची बाजूसुद्धा. महिन्यातून एकदा वॅक्स लावा. क्रोमवर टॉयलेट क्लीनर, लिंबू किंवा चिंच घासू नका, आम्ल बारीक छिद्रांतून खालच्या लोखंडापर्यंत पोचतं. गंजाचे बारीक ठिपके आलेच तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, पुसून लगेच कोरडं करा आणि त्याच जागी वॅक्स लावा.